ब्लॅक सॅबथ: बँड कसा जमला आणि एवढं नाव कसं झालं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मेटल नुकतंच ऐकायला लागलोय, जो तो ब्लॅक सॅबथ ब्लॅक सॅबथ करतो. हे नेमके कोण?

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातली चार पोरं. गिटारवर टोनी आयोमी, बास गिटारवर गीझर बटलर, ड्रम्सवर बिल वॉर्ड आणि गायला ऑझी ऑस्बर्न. चौघांचा जन्म १९४८-४९ मधला. अ‍ॅस्टन म्हणजे तेव्हा कारखाने आणि कामगारांची घरं, महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांच्या खुणा अजून दिसायच्या. शाळा सुटली की कारखाना, हे ठरलेलंच. ऑझीने गाड्यांचे हॉर्न ट्यून करायचं काम केलं, कत्तलखान्यात काम केलं, एकदा चोरीत सापडला आणि दंड भरायला पैसे नाहीत म्हणून काही आठवडे तुरुंगातही जाऊन आला. गीझर त्यातल्या त्यात अभ्यासू, तो अकाउंट्स शिकत होता. हे सगळं आधीच सांगतोय कारण या बँडबद्दल सैतान, काळी जादू वगैरे खूप बोललं जातं आणि हा कारखाना मात्र सगळे विसरतात.

चौघे एकत्र आले कसे?

आयोमी आणि वॉर्ड आधीपासून मायथॉलॉजी नावाच्या बँडमध्ये होते, उत्तर इंग्लंडमधल्या कार्लाइल गावाकडे वाजवायचे, १९६८ मध्ये तो बँड मोडला आणि दोघं घरी परत आले. तिकडे गीझर आणि ऑझी थोडे दिवस रेअर ब्रीडमध्ये एकत्र होते, तोही बँड मोडला. ऑझीने एका म्युझिक शॉपमध्ये चिठ्ठी लावली होती, ‘ऑझी झिग’ला बँड पाहिजे, स्वतःचा साउंड सिस्टिम आहे, अशा अर्थाची. आता त्या काळात ज्याच्याकडे स्वतःचा माइक-स्पीकर तो गायक, आवाज कसाय ते नंतर बघू! आयोमी म्हणाला एक ऑझी मला माहितीये पण तो नसणार, त्याला कुठे गाता येतं. पत्त्यावर गेले तर दारात तोच. दोघं एकाच शाळेतले, आयोमी एक वर्ष पुढे आणि ऑझीला दमात घेणारा. त्यामुळे पहिल्या भेटीत काही जमलंच नाही. पण नंतर ऑझी आणि गीझर ड्रमर शोधत त्यांच्याकडे आले, वॉर्ड म्हणाला मी आणि टोनी एकत्रच, मग काय, चौघे जमले.

आयोमीची बोटं तुटली होती ही गोष्ट खरी आहे का?

शंभर टक्के खरी. आणि माझ्या मते या बँडच्या कहाणीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, बाकी सगळं नंतर.

आयोमी १७ वर्षांचा होता, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचं काम करायचा. एका बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलं होतं म्हणून नोकरी सोडली आणि तो कामाचा शेवटचा दिवस होता. दुपारी घरी जेवायला आला तेव्हा म्हणाला आता परत जात नाही, आई म्हणाली असं अर्धवट सोडायचं नाही, जा, दिवस पूर्ण कर. परत गेला तर प्रेस मशीनवरची कामगार आलेली नव्हती, याला तिथे उभं केलं. या मशीनची त्याला सवयच नव्हती. प्रेस हातावर आला, झटक्यात हात मागे ओढला आणि उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेची टोकं गेली. आयोमी डावखुरा आहे, म्हणजे ज्या हाताने तारा दाबायच्या तोच हा हात.

डॉक्टर म्हणाले गिटार विसर. मग कारखान्यातला फोरमन एक रेकॉर्ड घेऊन घरी आला आणि म्हणाला ऐक. याची ऐकायची अजिबात इच्छा नव्हती. ऐकून झाल्यावर त्याने सांगितलं की वाजवणारा जँगो राइनहार्ट आहे, १९२८ मध्ये आगीत त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, तरी असं वाजवतो. तिथून आयोमी परत उठला. भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली घेतली, वितळवली, गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्याला भोक पाडलं, बोटावर बसेपर्यंत घासत राहिला. पण प्लॅस्टिक तारेवरून सटकायचं, मग जुन्या लेदर जॅकेटचा तुकडा कापून वर चिकटवला. अशी टोपणं घालूनच पुढचे सगळे अल्बम वाजवलेत.

म्हणजे तो जड साउंड बोटांमुळे आला?

बराचसा हो, पण इथे लोक एक गोष्ट चुकीची सांगतात ती आधी क्लिअर करू. पहिल्या दोन अल्बममध्ये गिटार नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये आहे, खाली उतरवलेली नाही. उतरवली ती तिसऱ्या अल्बमला, १९७१ मध्ये, त्यातल्या काही गाण्यांत चक्क दीड स्वर खाली, म्हणजे ईवरून सी शार्पला. तारा सैल झाल्या की दाबायला कमी जोर लागतो, बोटांना आराम, आणि आवाज आपोआप जाड होतो.

पण त्याच्या आधीही बोटांचा परिणाम होताच. टोपणामुळे तार लागली की नाही हे बोटाला कळतच नाही, कानाने ओळखायचं. नेहमीच्या जाड तारा ताणायला त्रास व्हायचा आणि पातळ तारांचे सेट तेव्हा सहज मिळत नव्हते, म्हणून वरच्या तारांच्या जागी बँजोच्या तारा लावायचा. काही कॉर्ड्स (एकदम वाजणारे तीन-चार सूर) चारही बोटं पसरून धरणं जमायचं नाही, मग दोन-तीन तारांचेच पॉवर कॉर्ड्स, पण ते असे वाजवायचे की अख्खा हॉल भरला पाहिजे. शिवाय बँडमध्ये गिटारिस्ट एकच. सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, सुरू झाला की मागे पोकळी, ती गीझरने भरली. तो मुळात गिटार वाजवायचा, या बँडसाठी बासवर आला, त्यामुळे तो बास पण गिटारसारखाच वाजवतो, रिफच्या, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धूनच्या, मागे मागे सावलीसारखा.

आणि बिल वॉर्डचं कौतुक कोणी करत नाही हे मला कधीच पटलेलं नाही. तो जीन क्रूपासारख्या जॅझ ड्रमर्सना ऐकत वाढला. म्हणून सॅबथची जुनी गाणी एवढी जड असूनसुद्धा झुलतात, नंतरच्या अर्ध्या बँड्सनी वजन उचललं पण हे झुलणं नाही उचललं.

सुरुवातीला बँडचं नाव वेगळं होतं ना?

हो, आधी पोल्का टल्क ब्लूज बँड. खरंच. तेव्हा सहा जण होते, एक स्लाइड गिटारवाला आणि एक सॅक्सोफोनवाला पण होता. ते दोघं नको झाले पण तोंडावर सांगणार कोण, म्हणून यांनी बँड बंद झाला असं जाहीर केलं आणि थोड्या दिवसांनी चौघेच परत सुरू झाले, नाव ठेवलं अर्थ (Earth, म्हणजे पृथ्वी). वाजवायचे ब्लूजच, पबमध्ये. त्याच सुमारास जिम सिम्पसन त्यांचा मॅनेजर झाला, तो बर्मिंगहॅममध्ये एका पबच्या वरच्या मजल्यावर हेन्रीज ब्लूजहाउस नावाचा क्लब चालवायचा.

आयोमी मधेच बँड सोडून जेथ्रो टलमध्ये गेला होता म्हणे?

गेला होता, डिसेंबर १९६८ मध्ये, पण टिकला नाही. रोलिंग स्टोन्सच्या ‘रॉक अँड रोल सर्कस’च्या शूटिंगमध्ये तो जेथ्रो टलबरोबर दिसतो, त्यातही गिटार नुसती हातात, आवाज आधीच रेकॉर्ड केलेला. परत येताना मात्र एक गोष्ट घेऊन आला. त्या बँडमध्ये सगळे सकाळी वेळेवर येऊन रियाज करायचे, नोकरीला जावं तसे. याने आल्या आल्या आपल्या तिघांना सांगितलं की उद्यापासून आपणही सकाळी नऊला. उशिरापर्यंत लोळणाऱ्या पोरांना सकाळी उठवून आणणं हे काम त्याच्याच गळ्यात पडलं. मला विचाराल तर बँड खऱ्या अर्थाने सुरू झाला तो इथे.

ब्लॅक सॅबथ हे नाव कुठून सुचलं?

सिनेमावरून. १९६३ चा मारिओ बाव्हाचा हॉरर सिनेमा, त्यात बोरिस कारलॉफ आहे. रिहर्सलच्या जागेसमोरच्या थिएटरमध्ये लागला होता आणि बाहेर लाइन लागलेली, तेव्हा यांच्यात बोलणं झालं की घाबरायला लोक पैसे देतात, मग आपण घाबरवणारं संगीत का करू नये. त्या नावाचं गाणं आधी झालं, बँडचं नाव नंतर बदललं. बदलावंच लागलं कारण अर्थ नावाचा दुसराही एक बँड फिरत होता, एकदा तर यांना ते समजून बुक केलं आणि नाचायला आलेल्या मंडळींसमोर हे उभे! नव्या नावाने पहिला कार्यक्रम ३० ऑगस्ट १९६९ ला वर्किंग्टनमध्ये झाला.

त्या गाण्यातल्या ‘सैतानी सुरां’ची काय भानगड आहे?

गीझरला होल्स्ट या इंग्रज संगीतकाराचं ‘द प्लॅनेट्स’ खूप आवडायचं, त्यातला मंगळाचा भाग तो बासवर वाजवत बसायचा. त्याच्यावरून आयोमीला रिफ सुचला. तीनच सूर आहेत. ज्यांना आपलं संगीत येतं त्यांच्यासाठी सांगतो, सा, मग वरचा सा, मग खाली येऊन तीव्र मध्यम, आणि त्या तीव्र मध्यमावर थांबून तो सूर हलवत ठेवायचा. पेटीवर सावकाश वाजवून बघा, खोलीत कोणी नसताना बघा. सा आणि तीव्र मध्यमातलं हे अंतर युरोपच्या संगीतात शेकडो वर्षं खटकणारं, टाळायचं म्हणून शिकवलं जायचं, त्याला सैतानाचं नाव पण चिकटलं होतं. आयोमीने पुस्तक उघडून नाही केलं, त्याला फक्त भीतीदायक वाटलं म्हणून ठेवलं.

पहिला अल्बम खरंच एका दिवसात रेकॉर्ड झाला?

हो, ऑक्टोबर १९६९, लंडनमधला रीजंट साउंड स्टुडिओ, निर्माता रॉजर बेन. स्टेजवर जे रोज वाजवत होते तेच सगळं लाइव्ह वाजवलं, ऑझी बाजूला बूथमध्ये उभा राहून सोबतच गायला, काम उरकून पुढच्या कार्यक्रमाला रवाना. मोठा आयोमी, तो पण २१ वर्षांचा. पाऊस, वीज आणि घंटेचा आवाज नंतर जोडलाय.

एक मजेशीर अपघात इथे झाला. आयोमीची गिटार तेव्हा फेंडर स्ट्रॅटोकॅस्टर होती, एक गाणं झालं आणि तिचा पिकअप (तारांचा आवाज उचलणारा भाग) गेला. दुरुस्त करायला वेळ कुठाय, सोबत स्पेअर म्हणून गिब्सन एसजी आणली होती ती उचलली आणि बाकीचा अल्बम तिच्यावर. पुढे आयोमी म्हटलं की एसजी, हे समीकरणच झालं.

रिलीजची तारीख १३ फेब्रुवारी १९७०, वार शुक्रवार. तेरा तारखेचा शुक्रवार तिकडे अशुभ मानतात, त्यामुळे आयतीच पब्लिसिटी. कव्हरवर जी पाणचक्की आहे ती ऑक्सफर्डशायरमधली मेपलडरहॅमची, आजही आहे.

चालला का मग?

ब्रिटनमध्ये आठव्या नंबरपर्यंत गेला, अमेरिकेत २३ पर्यंत, आणि तिथे चार्टवर वर्षभराहून जास्त टिकला. रेडिओवर यांना कोण वाजवत होतं? अपवाद बीबीसीवरचा जॉन पील. बाकी सगळं एकाने दुसऱ्याला सांगून, आणि लाइव्ह कार्यक्रमांतून. हॅम्बुर्गच्या स्टार क्लबसारख्या ठिकाणी दिवसाला कितीतरी सेट वाजवून हे तयार झाले होते, समोर दहा माणसं असोत की हजार, हात तेवढाच जोरात पडायचा.

समीक्षक काय म्हणाले?

धुतलं. रोलिंग स्टोन मासिकात लेस्टर बँग्सने क्रीम बँडशी तुलना करून पार हाणलं. नंतर त्याच मासिकाने याच अल्बमना सर्वोत्तमच्या याद्यांत बसवलं, तो भाग वेगळा. मला वाटतं तेव्हा प्रॉब्लेम असा होता की लिहिणाऱ्यांना हिप्पी, फुलं, प्रेम या चष्म्यातून सगळं बघायची सवय होती, आणि हे पोरगे म्हणत होते की आमच्या गल्लीत फुलं नाहीयेत. ऐकणाऱ्या पोरांना ते लगेच कळलं.

मग खरी प्रसिद्धी कधी मिळाली?

सप्टेंबर १९७०, ‘पॅरानॉइड’. पहिल्या अल्बमनंतर सातच महिन्यांनी.

अल्बमचं नाव आधी ‘वॉर पिग्ज’ असणार होतं, युद्ध लावून देणाऱ्या मोठ्या लोकांवरचं गाणं, व्हिएतनामचा काळ. रेकॉर्डिंग संपत आलं तेव्हा लक्षात आलं की अल्बम थोडा कमी पडतोय, अजून तीन मिनिटांचं काहीतरी द्या. बाकीचे खायला बाहेर गेले आणि आयोमी तिथेच बसून राहिला, परत येईपर्यंत रिफ तयार. गीझरने घाईघाईत शब्द लिहिले, ऑझी कागद बघून गायला. झालं. भरतीचं म्हणून केलेलं ते गाणं सिंगल म्हणून, म्हणजे एकट्या गाण्याची रेकॉर्ड म्हणून, आलं आणि ब्रिटनमध्ये चौथ्या नंबरवर गेलं. कंपनीने अल्बमचं नावच बदललं. पण कव्हर आधीच्या नावासाठी काढून ठेवलेलं, म्हणून तिथे ढाल-तलवार घेतलेला एक विचित्र माणूस धावतोय. पॅरानॉइडशी त्याचा काडीचा संबंध नाही, उगाच अर्थ शोधत बसू नका.

अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेला. अमेरिकेत १९७१ च्या सुरुवातीला आला, १२ व्या नंबरपर्यंत गेला आणि आजवर तिथे ४० लाखांच्या पुढे खपलाय. सिंगल चालल्यामुळे हे टीव्हीवर ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये दिसले आणि कार्यक्रमांना किंचाळणाऱ्या शाळकरी मुली यायला लागल्या. कोणत्याही बँडने पार्टी केली असती, पण यांना ते नको होतं. पुढचा सिंगल सरळ १९७२ मध्ये काढला.

हे लोक खरंच सैतानाची पूजा करायचे का?

नाही हो.

बरं, थोडं सविस्तर. गीझरला तरुणपणी गूढ विद्येचं आकर्षण होतं, त्याने राहायची खोली काळी रंगवली होती. एका रात्री पलंगाशी काळी आकृती उभी दिसली असं त्याने सांगितलंय, ऑझीने त्यावरूनच ‘ब्लॅक सॅबथ’ गाण्याचे शब्द केले. त्यानंतर गीझरने ते सगळं सोडलं. शब्द नीट ऐका, गाणारा माणूस सैतानाला बोलावत नाहीये, घाबरून देवाचा धावा करतोय. पहिल्या अल्बमच्या आतल्या पानावर उलटा क्रॉस होता, तो रेकॉर्ड कंपनीने परस्पर छापलेला, बँडला नंतर कळलं आणि ते वैतागले. आणि गळ्यात ते जे मोठे क्रॉस घालायचे ते सरळ असायचे, संरक्षणासाठी, ऑझीच्या वडिलांनी कारखान्यात बनवून दिलेले. गीझर आयरिश कॅथलिक घरातला, १९७१ च्या अल्बममध्ये तर देवाची बाजू घेणारं एक अख्खं गाणं आहे, ‘आफ्टर फॉरेव्हर’. पण बदनामीने तिकिटं खपत होती, त्यामुळे कंपनीला थांबवायची घाई नव्हती.

गाणी लिहायचं कोण?

रिफ आयोमीचा, चाल बहुतेक वेळा ऑझीची, शब्द जास्त करून गीझरचे. ‘आयर्न मॅन’चा रिफ ऐकून ऑझी म्हणाला की हे एखादा मोठा लोखंडी माणूस चालत असल्यासारखं वाटतंय, झालं, गीझरने त्याच्यावर अख्खी गोष्ट रचली. क्रेडिट मात्र त्या काळात चौघांच्या नावावर समान.

अमेरिकेत कसे काय चालले?

१९७० च्या शरदात पहिला दौरा. त्याच सुमारास सिम्पसनला सोडून मॅनेजर म्हणून पॅट्रिक मीहन आला. नंतर त्याच्याशीही बिनसलं, वकील, कोर्ट, पैसे, सगळं. अमेरिकेचं सूत्र सोपं होतं, फिरत राहायचं. न्यूयॉर्क-लॉस एंजेलिस तर होतंच, पण जिथे कारखाने आहेत, पोरांच्या खिशात थोडे पैसे आणि डोक्यात भरपूर वैताग आहे, अशा गावांत यांची गाणी लगेच पोचायची. ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ हा तिसरा अल्बम १९७१ मध्ये तिथे आठव्या नंबरवर गेला. एप्रिल १९७४ मध्ये कॅलिफोर्निया जॅम या संगीत महोत्सवात समोर दोन लाखांवर लोक होते.

पैशाबरोबर नशाही आली, चौथा अल्बम लॉस एंजेलिसमध्ये करताना कोकेनवर किती उडवले याच्या कहाण्या ते स्वतःच सांगतात. तो अल्बम चांगलाय, पण पुढे जे फिसकटलं त्याची सुरुवात मी तिथे धरतो.

ऑझी बँडमधून का गेला?

काढला. १९७९ मध्ये, दारू आणि नशेमुळे काम ठप्प झालं होतं. नशा बाकीचेही करत होते, पण गाडं अडलं ते त्याच्याशी. सांगायचं काम मित्र म्हणून बिल वॉर्डवर आलं. त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८० चा ‘हेवन अँड हेल’ जबरदस्त निघाला.

मूळ चौघे पुन्हा एकत्र वाजले का?

बऱ्याचदा. शेवटचं ५ जुलै २०२५ ला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियममध्ये, ऑझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला. त्यानंतर सतराच दिवसांनी, २२ जुलैला तो गेला.

हेवी मेटलचा शोध यांनीच लावला का?

हा वाद संपणारा नाही. लेड झेपलिन, डीप पर्पल त्याच वेळी जोरात होते, ब्लू चीअरने त्याआधीच भयंकर आवाज काढला होता. फरक असा की बाकीच्यांकडे जड गाणी होती आणि सोबत दुसरंही बरंच काही होतं. सॅबथने जडपणा आणि काळोख हाच पाया धरला, त्यावर सगळं बांधलं. २००६ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये यांचं स्वागत करायला मेटॅलिकावाले उभे होते, त्यावरून काय ते समजा.

सुरुवात कुठून करू?

‘पॅरानॉइड’ अल्बम आधी, कारण त्यातली अर्धी गाणी तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेली निघतील. मग पहिला अल्बम, तो रात्री आणि सलग. मग ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’, सुरुवातीलाच खोकला ऐकू येईल, तो आयोमीचा आहे, फाइल खराब नाहीये. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका प्लीज, बास गेला की गीझर गेला आणि गीझर गेला की अर्धा बँड गेला.